माझा घसा बसला नव्हता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या दिगंबरदादालाही नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या सेलू तालुक्यात मोबाइलवर एक आवाज फिरला होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा, असं शांतपणे आणि शुद्ध भाषेत सांगणारा. तो आवाज कुणाचा, हे शेवटपर्यंत उघड झालं नाही. तो माझा होता.

दिगंबर साळवे जाऊन आता महिना उलटून गेला. बातमी त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं फोनवर दिली. मी मोंढ्याजवळ, धान्यबाजारापाशी, एका लग्नाच्या मांडवात स्पीकरच्या वायरी जोडत होतो. "काका, दादा गेले," एवढंच ती म्हणाली. लेकीसकट सगळं गाव त्यांना दादाच म्हणायचं. तपासणीसाठी चालू केलेला माइक माझ्या दुसऱ्या हातात तसाच होता. मी "कधी?" असं विचारलं ते सगळ्या मांडवात घुमलं. हार बांधणारी माणसं हात थांबवून माझ्याकडे बघायला लागली... माझ्या आयुष्यातल्या इतक्या गोष्टी माइकमुळेच घडल्या, की ही बातमीही तशीच यावी याचं मला पुढे नवल वाटलं नाही.

माझा धंदा मंडपाचा आणि लाऊडस्पीकरचा. घर शेतकऱ्याचं, पण शेतीत माझं मन कधी लागलं नाही. आवाज मात्र चांगला. शाळेतली प्रतिज्ञा मीच म्हणायचो, पुढे लग्नात आहेर पुकारायला आणि निवडणुकीत रिक्षातून ओरडायला लोक मलाच बोलवू लागले. दादा पोस्टात होते. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे, किडकिडीत, सदैव पांढरा शर्ट, आणि आवाज असा की जणू गळ्यात वाळू भरलीय. ते एकदा दुकानात आले आणि म्हणाले, "माधव, पौर्णिमेला विहारात पिक्चर दाखवायचाय. तुझा स्पीकर पाहिजे. भाडं न्हाई मिळणार, खिचडी मिळल."

मला वाटलं, एखादा धार्मिक सिनेमा असेल. गेलो तर तिथे परदेशातला काळा-पांढरा सिनेमा, माणसांना घरातून काढून रांगेत उभं करण्याबद्दलचा. वंदना झाली, बायका-पोरं, म्हातारी माणसं बसलेलीच होती. आमच्या गल्लीतलेही दोन-चार जण मागे येऊन टेकले होते. विहाराच्या भिंतीला खिडक्या असल्यामुळे दादा दोन खांबांच्या मध्ये पांढरी चादर बांधायचे. सिनेमाचा आवाज बारीक करून, पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचत, ते सगळी पात्रं आपल्या भाषेत बोलायचे. लष्करी अधिकारी म्हणायचा, "ए, हिकडं ये, कागद दाखीव." लोक आधी हसले. पण मग तो अधिकारी परका राहिला नाही. तो आपल्या तहसीलमधल्या कुणासारखा तरी वाटायला लागला, आणि हसू थांबलं.

ते आवाज बारीक का करतात, हे मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "त्यात वाजवायलेलं संगीत असतंय ना, ते आपल्याला सांगतंय आता रडा म्हणून. आपण रडतोत. रडलं की हलकं वाटतंय. हलका झालेला माणूस घरी जाऊन मस्त झोपतोय. मला झोपवायचं न्हाई कुणाला."

अशा सिनेमांबद्दल त्यांची ठाम मतं होती. एखाद्या सिनेमात मारणारा माणूस राक्षसासारखा दाखवला, डोळे लाल, दात विचकलेले, की ते वैतागायचे. राक्षस दाखवला की बघणारा सुटला, असं त्यांचं म्हणणं. मरणाऱ्यांचा नुसता ढीग दाखवला तरी चिडायचे. सिनेमा थांबवून गर्दीतल्या एकाच बाईच्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "हिनं सकाळी काय रांधलं आसल?" लोक गंभीरपणे उत्तरं द्यायचे. पिठलं... नाही, थंडी आहे तिथं, काहीतरी पातळ गरम. तेवढ्यानं ती बाई ढिगातून बाहेर यायची.

पण त्यांची खरी पद्धत वेगळीच होती. लाडवांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. सिनेमा सुरू होण्याआधी तो बसलेल्यांमधून फिरायचा. आत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. कुणाला यायचं 'शेजारीण', कुणाला 'ट्रकचा ड्रायव्हर', कुणाला 'कारकून', कुणाला 'पळून जाणारा'. सिनेमा त्या माणसाच्या जागी बसून बघायचा आणि संपल्यावर उभं राहून 'मी' म्हणून बोलायचं. दादा म्हणायचे, "पिक्चर बघताना आपण कोण आसतोत? एक तर वाचणारा, न्हाई तर वाचवणारा. धक्का देणारा कधीच नसतोत. मग इतके धक्के देणारे येतात कुठून?"

एकदा एका म्हातारीला शेजारीण आली होती. ती पदर सावरत उभी राहिली. "मी शेजारीण. तिला नेलं तवा मी दार लावून घेतलं. तिची शिलाई मिशिन दुसऱ्या दिशी माझ्या घरात व्हती." मागून कुणीतरी टोमणा मारला, "चालवता येती का गं मिशिन, आजे?" म्हातारी तोऱ्यात म्हणाली, "तेल घालून ठिवली म्या. फुकटची वस्तू नीट ठिवावी लागती." सगळे हसले. ती खाली बसली आणि मग तिचं तिलाच काहीतरी लागलं असावं. खिचडी न खाताच ती घरी गेली.

तिसऱ्या की चौथ्या वेळी दादांनी मला आवाज द्यायला बसवलं. त्या सिनेमात एक रेडिओवाला होता. पडद्यावर तो दिसायचाच नाही. गाणी लावायचा, आज ऊन छान आहे म्हणायचा आणि त्याच सुरात नदीपलीकडच्या लोकांवर नजर ठेवायला सांगायचा. मी पहिल्या वाक्याला आवाज चढवला. दादांनी सिनेमा थांबवला.

"चिडू नको. प्रेमानं बोल. त्याला वाटायलंय की आपण लोकांची काळजी घ्यायलोत."

मग मी एक आवाज तयार केला. आमच्या बोलीचा वासही नसलेला, पुण्या-मुंबईचा, घरातल्या शिकलेल्या मोठ्या भावासारखा. कसलीही घाई नाही. त्या संध्याकाळी पोरं सुद्धा हलली नाहीत. संपल्यावर लोक मला येऊन म्हणाले, अंगावर काटा आला. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

त्यानंतर वर्षभरातच आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो मजकूर आला. टोळी आली आहे, लेकरं सांभाळा, पुढे पाठवा. दुकानात दोघं-तिघं बसले होते. त्यातला एक म्हणाला, "लिहिलेलं कोण वाचायलंय माधव? तुझ्या त्या रेडिओच्या आवाजात टाक की. लोकांचं भलं हुईल." मला कुणी पैसे दिले नाहीत, धमकी दिली नाही, दारू पाजली नाही. माझ्या मनात कुणाबद्दल द्वेषही नव्हता. दोन लहान पुतणे घरात होते, थोडी भीती होती. बाकी सगळी हौस होती. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून, आणि बोललो. मजकूर मला जरा कोरडा वाटला. म्हणून एक वाक्य पदरचं घातलं... 'त्यांच्याजवळ जुन्या कपड्यांची मोठी गाठोडी असतात.' का घातलं? ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहावं म्हणून. एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी तोच आवाज मला परक्या नंबरांवरून परत यायला लागला. सोबत लिहिलेलं, 'सरकारी सूचना आहे, दुर्लक्ष करू नका.' माझी छाती फुगली होती, हेही आज सांगून टाकतो.

मग दादा आले. सायकल दुकानासमोर लावली, बाकावर बसले.

"ऐकलास का ते?"

"ऐकलं."

"खोटं हाय. मी ठाण्यात जाऊन आलो. तालुक्यातलं एक बी लेकरू गेलेलं न्हाई." त्यांनी कपाळ पुसलं. "माधव, उलटा निरोप द्यावा लागतोय. तू तुझ्या रेडिओच्या आवाजात दे. तसल्याच आवाजावर लोकांचा विश्वास बसायलाय."

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. तो आवाज दुसऱ्यांदा आला असता तर दोन्ही आवाज एकाच गळ्यातले आहेत हे कुणालाही कळलं असतं. पण ते कळणं हाच तर उपाय होता. ज्यानं पेरलं त्यानंच 'हे खोटं आहे' म्हटलं असतं तर लोक थांबले असते. मला हे तेव्हाही कळत होतं. मी गळ्याला हात लावला आणि म्हणालो, "दादा, घसा बसलाय."

ते उठताना म्हणाले, "मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर."

उलटा निरोप मग त्यांनीच दिला. वाळू भरलेल्या आवाजात, मध्ये खोकत. 'मी दिगंबर साळवे, पोस्टातला, माझ्या नावानं सांगायलोय...' लोकांनी तो पुढे पाठवला तो चेष्टा म्हणून. आणि दोन-चार दिवसांत, भर दुपारी, देवगाव फाट्यावर गर्दीनं मारुती आणि त्याच्या बायकोला धरलं. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारं जोडपं, गंगाखेडकडच्या राणीसावरगावचं. त्यांच्याजवळ काय असणार? जुन्या कपड्यांची मोठी गाठोडी.

फाट्यावरच्या एका चहावाल्याला दादांच्या डब्यातून कधीतरी 'बघणारा' अशी चिठ्ठी आली होती. त्यानं दादांना फोन केला. दादा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून पोचले आणि थेट मारुतीच्या अंगावर आडवे पडले. पोलीस येईपर्यंत मारुतीचा गुडघा गेला होता आणि दादांचा उजवा खांदा. मारणाऱ्यांतल्या काहींवर खटला झाला. त्यातला एक आमच्याच लग्नात वाढपी म्हणून राबलेला, देवभोळा माणूस. आवाज कुणाचा, हे मात्र पोलिसांना सापडलं नाही. दुकानात बसलेल्या त्या दोघा-तिघांनी अडकायच्या भीतीनं तोंड उघडलं नाही, आणि विहारात कुणी ओळखला असेल तर त्यानंही माझं नाव घेतलं नाही.

मी परभणीच्या दवाखान्यात शहाळी घेऊन गेलो. दोघांच्या खाटा शेजारी होत्या. मारुतीची बायको त्याला पाणी पाजत होती. तो माझ्याकडे बघून, पण मला नव्हे तर कुणालाच उद्देशून नसल्यासारखा म्हणाला, "कुणी साहेब बोललाय म्हणं मोबाइलमदी. गाठोडंवाले धरा म्हणला. आमी काय केलं व्हतं त्या साहेबाचं?" मी शहाळं फोडून त्याच्या हातात दिलं. दुसऱ्या खाटेवर दादा छताकडे बघत होते.

त्यानंतर दादांचा उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. पुढच्या पौर्णिमेला ते चादर घेऊन खांबाशी उभे राहिले, डाव्या हातानं धडपडले. मी जाऊन त्यांच्या हातातून चादर घेतली आणि वरची गाठ मारली. तेव्हापासून प्रत्येक वेळी ती गाठ मीच मारली. मनाशी म्हणायचो, हे माझं प्रायश्चित्त. ते खोटं होतं. स्टुलावर चढून गाठ मारायला असा किती वेळ लागतो? आवाज मात्र मी पुन्हा दिला नाही आणि दादांनीही विचारलं नाही. डबा फिरायचा, मी स्पीकरमागे बसून असायचो.

इतकी माणसं कशी बहकतात, हे दाखवणारे कितीतरी सिनेमे मी त्या चादरीवर पाहिले. पटलेली एकच गोष्ट सांगतो. मी रेडिओवाल्याचं काम केलं होतं, त्याचं पुढे काय होतं ते पाहिलं होतं, तरीही वेळ आली तेव्हा मला ते आठवलंसुद्धा नाही. मला वाटत होतं की मी लोकांची काळजी घेतोय. सिनेमा पाहून माणूस आपोआप शहाणा होत नाही. मग दादांचा सगळा खटाटोप वाया गेला का? बरीच वर्षं मला तसंच वाटायचं. पण युसूफभाईंनी माझं मत बदललं.

युसूफभाई रिक्षा चालवतात. दोन-तीन वर्षांपूर्वी तसाच एक निरोप पुन्हा फिरला, या वेळी दुसऱ्याच कुणाच्या आवाजात. स्टेशनसमोर एका वेडसर बाईभोवती माणसं जमायला लागली. बाईच्या कडेवर लेकरू होतं, आणि ते तिचंच होतं. युसूफभाईंनी रिक्षा गर्दीत घातली, हॉर्न दाबून धरला आणि ओरडले, "अरे हटो, मेरी सवारी है, भाडा बाकी है इसका!" लोक हसले. हसणाऱ्याचा हात लगेच उगारला जात नाही. तेवढ्यात बाई आणि लेकरू रिक्षात, रिक्षा ठाण्यात. संध्याकाळी दादांनी त्यांना विचारलं, हे सुचलं कसं? युसूफभाई म्हणाले, "तुम्हारे डब्बे में मेरे को टरकवाला आया था ना दादा. वो पिच्चर में मैं लोगां को भरके ले गया और कुछ नहीं बोला. तब से वो टरक मेरे सर में खडा है. आज बोला, चलो, खाली करते उसको."

दादा त्या दिवशी किती खूश झाले होते! शेंगदाण्याचे लाडू वाटले. आणि तीच शेजारीणवाली म्हातारी लाडू मोडत म्हणाली, "म्या बी आता दार लावत न्हाई. लावलं तरी कडी न्हाई घालत." शंभरातला एक असेल, दोन असतील. पण गर्दी फुटायला कधीकधी तेवढे पुरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. दादा खूप वाळले होते. प्रज्ञा औषधं आणायला गेली होती. मी पाय चेपत बसलो होतो. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "येत्या पौर्णिमेला तो रेडिओवाला पिक्चर पुन्हा लावायचाय."

"लावू की."

"आवाज तू दे. घसा बरा हाय ना आता?"

इतक्या वर्षांनी माझ्या घशाची चौकशी. त्यांना ठाऊक होतं का? की आजारी माणसाच्या मनात एखादी जुनी गोष्ट सहज तरंगत वर आली? मी त्यांच्या चेहऱ्यात शोधत राहिलो. तिथे एरवीची आपुलकीच होती, दुसरं काही नाही. मी म्हणालो, "बरा हाय, दादा." सांगायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात प्रज्ञा आली, नर्स आली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

दादांच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात जागा पुरली नाही. माइक माझाच होता. मारुती काठी टेकत आला होता, बायको सोबत होती. त्यानं आता गावात भांड्यांचं छोटं दुकान टाकलं आहे, मुलगी नर्सिंग शिकते आहे. दादा त्याच्याकडे वर्षातून दोनदा तरी जात, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला बोलायला सांगितलं तर तो घाबरला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मालक, मला न्हाई बोलता येत. तुमचा आवाज लय चांगला हाय. माझ्याकडून तुमीच बोला की दादाबद्दल. म्हणावं, हा माणूस माझ्यावर पांघरूण झाला."

मी माइक हातात घेतला. ते वाक्य मी माझ्या स्वतःच्या, सेलूच्या बोलीत बोललो, आणि शेवटच्या शब्दाला घसा बसला. या वेळी खराच. मारुतीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. जाताना म्हणाला, "घरी या एकदा. दादा यायचे तसं. च्या पिऊन जावा."

परवाच्या पौर्णिमेला प्रज्ञानं सिनेमा ठेवला. मी स्टुलावर चढून चादरीची वरची गाठ मारली. मग तिनं डबा पुढे केला. इतकी वर्षं मी तो हातानं मागे सारत आलो होतो, या वेळी चिठ्ठी काढली. त्यात काय निघालं ते महत्त्वाचं नाही. मी प्रज्ञाला म्हणालो, "मला चिठ्ठीची गरज न्हाई बेटा. मी कोण आहे ते मला ठाऊक आहे." आणि सिनेमा सुरू झाल्यावर विहारामागच्या कट्ट्यावर बसून तिला इथवर लिहिलेला हा लेख वाचून दाखवला. म्हणजे आता सुरुवातीचं वाक्य पूर्ण खरं राहिलेलं नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादांना माहीत होतं की नव्हतं, ते मला पण माहीत न्हाई, काका. पण मारुतीमामाला माहीत न्हाई, हे मला माहीत हाय." आणि उठताना म्हणाली, "मी येते तुमच्यासंगं त्याच्याकडं." उरलेला कार्यक्रम तिनंच पार पाडला. चादर सोडून तिनं घडी घातली आणि घरी न नेता माझ्या हातात ठेवली. ती आता माझ्या दुकानात आहे, माइकच्या पेटीवर.

हा लेख छापून येईल. काही लोक माझ्याशी बोलणं सोडतील, पोलीस बोलावतील, धंद्यावरही परिणाम होईल. जे व्हायचं ते होऊ दे. पण लेख लिहून माझं देणं फिटलेलं नाही, कारण मारुतीला वाचता येत नाही. राणीसावरगावला जाऊन, त्याच्या दारात बसून, तो साहेब मीच होतो हे मला त्याला माझ्या तोंडानं सांगायचं आहे. ते अजून बाकी आहे.